पंपाचा डबा

कोबीच्या पिपातलं खारं पाणी अर्धं काढून झालं होतं, अर्धं काढायचं होतं, तेवढ्यात तळघरातला दिवा गेला.

फिदाना हातात बादली घेऊन तशीच उभी राहिली. हिवाळ्यात दर तीन दिवसांनी हे काम चुकत नाही. पिपाच्या तळाची तोटी सोडायची, पाणी बादलीत घ्यायचं आणि तेच वरून पुन्हा ओतायचं, नाहीतर खालचा कोबी नासतो आणि वरच्याला बुरशी धरते. तिने चाचपडत तोटी बंद केली. मागच्या फळीवर, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्यांशेजारी, यूपीएसने टीं टीं सुरू केलं.

"ओरड बाबा, ओरड," ती म्हणाली. "तुला त्याचसाठी ठेवलाय."

तिला घोर नव्हता. गेल्या उन्हाळ्यात मुलाने, कामेनने, तो डबा बसवला तेव्हा तिला स्पष्ट सांगितलं होतं. वीज गेली की ही बॅटरी सर्व्हरला अर्धा तास पुरते. वीस मिनिटं झाली की सर्व्हर आपला आपण सगळं आवरून बंद होतो. तू कशाला हात लावू नकोस. म्हणून फिदानाने एप्रनच्या खिशातून टॉर्च काढला, तो दातांत धरला आणि पुन्हा तोटी सोडली.

तिसरी बादली ओतत असताना यूपीएसचा सूर बदलला. तुटक टींटीं थांबून एक लांब, अखंड किंकाळी निघाली आणि पाठोपाठ सगळं चिडीचूप. सर्व्हरचा हिरवा ठिपका गेला होता. आवरून झोपी जाणं वेगळं आणि घास तोंडात असताना ताटावरून उठवणं वेगळं. हे दुसऱ्या जातीचं होतं, एवढं तिला अंधारातही कळलं. तिने मनगटावर टॉर्च मारला. तीन वाजून सतरा मिनिटं. वीज गेली तेव्हा तीन आठ झाले होते.

"नऊ?" ती पिपाला म्हणाली. "तीसचे नऊ?"

तो सर्व्हर म्हणजे पावाच्या डब्याएवढा, बिनपडद्याचा जुना संगणक. पण त्यात येलोवो गावाची आणि वरच्या डोंगरातल्या सहा वाड्यांची स्मरणवही होती. वर्षातून तीनदा मृतात्म्यांचा शनिवार येतो. त्या दिवशी चर्चमध्ये आमच्या सगळ्या गेलेल्यांची नावं एकेक करून वाचली जातात, बायका उकडलेले गोड गहू वाटतात आणि घेणारा म्हणतो, देव त्यांना क्षमा करो. नाव वाचलं गेलं तर त्या जिवाला कुणीतरी हाक मारल्यासारखं होतं. नाही वाचलं, तर तो दारात उभा राहून परत जातो, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. फिदानाचा त्यावर पुरा विश्वास होता.

ही वही तिच्याकडे आली ती चर्चची देखरेख करणाऱ्या स्पासआजोबांकडून. फिदाना वरच्या वाडीत जन्मली, खाली येलोवोत सून म्हणून आली, दोन मुलं वाढवली आणि चाळीस वर्षं याच घरात चूल सांभाळली. शिक्षण आठवीपर्यंत. पण भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर ती रोज काही ना काही लिहायची. कोणत्या संताचा दिवस, किती बर्फ, गाय कधी व्यायली. आजोबांचे डोळे गेले तेव्हा ते तिला म्हणाले, "पोरी, तू लिहितेसच, तर एवढंही लिही."

त्या वेळी सहांपैकी तीन वाड्यांत एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता. माणसं हॅम्बुर्गला, व्हॅलेन्सियाला, शिकागोला. ती फोनवर नावं सांगायची, फिदानाच्या हाताला पीठ, आणि 'कोस्तादिन'चा 'कोस्ता' व्हायचा. शेवटी कामेनने एक पान बनवून दिलं. जगात कुठूनही आपल्या माणसाचं नाव आपणच लिहायचं. हे पान दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या संगणकावर ठेवणं सोपं होतं, पण फिदाना ऐकेना. "गावची माणसं गावातच राहू देत," ती म्हणाली, आणि चार हजार तीनशे नावं तिच्या तळघरात, कोबीच्या पिपासमोर, मुक्कामाला आली.

गेल्या नोव्हेंबरातल्या मृतात्म्यांच्या शनिवारी त्यातली चौदा गळाली. आदल्या संध्याकाळी वीज गेली होती, सकाळी सर्व्हर कसाबसा उठला आणि त्याने दिली ती आदल्या आठवड्याची प्रत. कुणाच्या लक्षात आलं नाही. खालच्या आळीची तोता तेवढी गव्हाचं ताट घेऊन खांबाशी उभी होती. तिचा भाऊ सेराफिम त्या सप्टेंबरात गेला होता आणि त्याचं नाव त्या शनिवाराआधीच्या आठवड्यातच वहीत चढलं होतं. शेवटचं नाव वाचून झालं तरी ती उभीच. मग तिने मेणबत्ती विझवली, गहू कुणालाही न देता ताट झाकलं आणि दारात फिदानाला म्हणाली, "माझ्या भावाला तुझ्या यंत्राने गाळला." त्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. कामेनचं निदान, डिस्क जुनी झाली. त्याने नवी पाठवली आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

आता पुढचा मृतात्म्यांचा शनिवार आठ दिवसांवर होता, परदेशातून नावं येऊ लागली होती आणि बाहेर ओला, जड, तारा तोडणारा बर्फ पडत होता.

संध्याकाळी वीज आल्यावर तिने वार्ना शहरात राहणाऱ्या कामेनला फोन लावला.

"नऊ मिनिटं? शक्यच नाही, आई. तुझं घड्याळ बघ."

"माझं घड्याळ तुझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. त्याला उलटून बोलू नकोस."

"बरं. बॅटरी गेली असेल. नवी पाठवतो."

"डिस्कही तू अशीच पाठवलीस. या वेळी आधी समजावून सांग, मग पाठव. अर्धा तास हा आकडा आणलास कुठून?"

कामेन म्हणाला, अर्धा तास हा बॅटरीचा गुण नव्हे. बॅटरीत साठा ठरलेला, तो किती वेळ पुरेल हे त्यातून किती ओढलं जातं त्यावर. सर्व्हर छत्तीस वॅट ओढतो म्हणून अर्धा तास.

"म्हणजे पीप तेच," फिदाना म्हणाली, "तोटी किती सोडली ते बघायचं."

"अगदी. फक्त ही तोटी लबाड आहे. दुप्पट सोडलीस तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो."

"आणि वीस मिनिटांनी बंद व्हायचं हे तो कशावरून ठरवतो? पिपात किती उरलंय ते बघून?"

"नाही. घड्याळ बघून."

"शाब्बास. पीप कोरडं पडलं आणि हा घड्याळ बघत बसला."

मग कामेनने तिला मोजायची एक युक्ती सांगितली.

शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपून ती तळघरात उतरली. सर्व्हर तिने भिंतीतल्या साध्या प्लगला लावला आणि त्याच्या जागी, कामेनने सुचवल्याप्रमाणे, चाळीस वॅटचा जुना पिवळा दिवा जोडला. म्हणजे बॅटरी मेली तरी नुकसान दिव्याचं. मग यूपीएसची मुख्य वायर भिंतीतून उपटली आणि उलट्या बादलीवर बसून राहिली. दिवा एकोणतीस मिनिटं जळला. कॅलेंडरच्या कडेला तिने लिहिलं, २९.

रविवारी तिने यंत्राला हात लावला नाही, तो दिवस तसल्या कामाचा नव्हे. सोमवारी सकाळी पुन्हा मोजलं. एकोणतीसच.

"बघ, मी म्हटलं ना," कामेन म्हणाला. "बॅटरी ठणठणीत आहे. शुक्रवारी तुझीच काहीतरी गडबड झाली."

नवरा मानोल चुलीपाशी बसून ऐकत होता. आयुष्यभर डोंगरातून लाकडाचे ट्रक उतरवलेला माणूस, बूड हलवायचं नाही पण तोंड चालू. "अगं, आकडा चांगला आला तर घे की. तुला वाईटच हवाय का?"

"मला खरा हवाय."

"दोन दिवस बादलीवर बसलीस. कोंबडी असतीस तर एव्हाना पिल्लं निघाली असती."

फिदानाने त्याला बटाटे सोलायला दिले आणि विचार करत राहिली. शुक्रवारी दुपारचे तीन होते. मी मोजतेय सकाळी. बॅटरीला सकाळ काय आणि दुपार काय? पण ज्या अर्थी आकडा बदलतो, त्या अर्थी आणखी काहीतरी बदलत असलंच पाहिजे.

मंगळवारी तिने सगळं शुक्रवारसारखं केलं. दुपारचे तीन, वर स्टोव्ह रणरणता पेटलेला, समोर पीप, तोच टॉर्च. प्लग उपटला. सहाव्या मिनिटाला बॅटरीतला साठा दाखवणारा पट्टा निम्म्याखाली उतरला आणि नवव्या मिनिटाला ती ओळखीची किंकाळी निघाली. या खेपेला मात्र ती नुसती मनगटाकडे बघत नव्हती. डब्याच्या पुढच्या इवल्याशा पडद्यावर भार दिसतो हे तिला कामेनने सांगितलं होतं, आणि किंकाळीआधी तिथे आकडा होता एकशे एक.

दिवा चाळीसचा. मग वरचे एकसष्ट कोण पितंय?

तिने बरण्या एकेक करून खाली ठेवल्या, बावीस बरण्या, आणि डबा भिंतीपासून पुढे ओढला. मागून दोन वायरी निघाल्या होत्या. एक दिव्याची. दुसरी काळी, जाड, भिंतीला चिकटून छतातल्या भोकातून वर स्वयंपाकघरात गेलेली.

"मानोल! खाली ये."

"का, कोबी पळाला?"

"ये म्हणते ना."

तो जिन्यावरून कुरकुरत उतरला. तिने वायरीवर बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"पंपाची."

"ती इथे काय करतेय?"

"पंपाची वायर पंपाच्या डब्यात नाही घालायची तर काय तुझ्या नाकात घालायची?"

"हा सर्व्हरचा डबा आहे, मानोल!"

"असला कुठला डबा नसतो. जा, मिताच्या दुकानात जा आणि यूपीएस माग. ती तुझं तोंड बघत राहील. पंपाचा डबा दे म्हण, हाच काढून देईल."

आणि ते खोटं नव्हतं. येलोवोत साठ घरं आणि त्यातल्या चाळीसांत पाण्याचा स्टोव्ह. लाकडं जळतात, भोवतीचं पाणी तापतं आणि एक छोटा पंप ते खोल्याखोल्यांतून फिरवतो. वीज जाऊन पंप थांबला की पाणी स्टोव्हमध्येच उकळतं आणि नळ्या फुटतात. म्हणून प्रत्येक घरात हा डबा, आणि त्याला आमच्याकडे दुसरं नावच नाही. पंपाचा डबा. त्यातून कुणी संगणक चालवतो, हे मानोलने बापजन्मात ऐकलं नव्हतं.

"कामेनने हा आणला तेव्हा मी म्हटलं, पोरगं शहाणं झालं, बापाच्या पंपाची काळजी करतंय," तो म्हणाला. "तुझ्या संगणकाची वायर त्यात दिसली. मला वाटलं रिकामी जागा बघून तू लावलीस. मी काही बोललो नाही. म्हटलं, राहू दे तिचंही."

"पंप कधी जोडलास?"

"ऑक्टोबरात. संत दिमितरच्या सणाआधी, पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला तेव्हा."

फिदाना पायरीवर बसली. सकाळी स्टोव्ह थंड, पंप निजलेला, म्हणून एकोणतीस. पाणी तापलं की पंप आपोआप सुरू, म्हणून नऊ. ऑक्टोबरात वायर लागली, नोव्हेंबरात नावं गळाली. डिस्कचा काही दोष नव्हता.

मानोललाही एवढ्यात उमगलं असावं. त्याने टोपी काढून हातात घेतली. "म्हणजे तोताचा भाऊ..."

"हो."

"मला कुणी सांगायचं तरी."

"मला तरी कुणी सांगितलं होतं? इतके महिने 'हात लावू नकोस' ऐकलं आणि नाही लावला. ती माझी चूक."

तिने वायरीला हात घातला तसा त्याने तिचा हात धरला. "ती नको काढूस. गेल्या वर्षी शेजारच्या झेकोच्या घरात काय झालं ते बघितलंस ना? वाफेने नळी फुटली, भिंत गेली, नशीब म्हणून माणूस वाचला. नावं मेलेल्यांची आहेत, फिदाने. पाणी आपल्या अंगावर उकळणार आहे."

हेही खोटं नव्हतं. तिने वायर सोडली. मिताकडे फोन केला तर डबे संपलेले, माल स्मोल्यानच्या दुकानात सोमवारी येणार. आणि शनिवार त्याआधी होता.

"मग दोघांनी याच ताटात जेवायचं," ती म्हणाली. "कुणी आधी उठायचं ते मी ठरवते."

त्या संध्याकाळी तिने कामेनला सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला, "पाचव्या मिनिटाला बंद करायला सांगू."

"थांब. बंद व्हायला त्याला किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट असेल."

"मोजलायस?"

"...नाही."

"मी मोजते."

तिने मोजला. जवळपास चार मिनिटं. बंद होण्याआधी तो अख्ख्या वहीची एक प्रत काढायचा, कामेननेच कधीतरी तसं करून ठेवलं होतं आणि विसरला होता. पाच आणि चार नऊ. म्हणजे शेवटचा श्वास आणि शेवटचं अक्षर एकाच क्षणी, आणि त्यातही बॅटरी दर महिन्याला थोडी म्हातारी होणार.

"एक मिनिट," फिदाना म्हणाली. "वीज एक मिनिटभर आली नाही की आवरायला घ्यायचं. पाचव्याला हा मोकळा. उरलेलं सगळं पंपाचं, तेवढ्यात मानोल निखारे बाहेर काढतो."

"आई, इतक्या लवकर? सारखा बंद पडेल."

"पडू दे. बंद दार बघून माणूस परत येतो, उद्या पुन्हा नाव लिहितो. लिहिलेलं नाव गेलं तर त्याला कळतसुद्धा नाही." मग तिने आणखी एक विचारलं. "आणि वीज येऊन लगेच पुन्हा गेली तर? पीप भरलेलंच नसेल. तेव्हाही हा मिनिट मोजत बसणार?"

"हे मला सुचलं नव्हतं," कामेन म्हणाला.

म्हणून दुसरी अट घातली. घड्याळ काहीही म्हणो, साठा सत्तर टक्क्यांखाली गेला की तत्क्षणी आवरायचं. आणि वीज आली तरी आपणहून उठायचं नाही, साठा भरला हे डोळ्यांनी बघून फिदानाच त्याचं बटण दाबणार. कामेन फोनवरून एकेक अक्षर सांगत होता, ती एका बोटाने टाइप करत होती, आणि चष्म्यावर वाफ धरली की मानोल तो पुसून देत होता. एकही शब्द न बोलता, हे विशेष.

बुधवारी ती तोताच्या फाटकाशी गेली. तोता बर्फ लोटत होती. तिने फावडं थांबवलं नाही.

"तोताताई, यंत्राचं नव्हतं ते. आमच्या पंपाचं होतं." आणि फिदानाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"तेव्हा गावभर डिस्क म्हणत होतात, आता पंप म्हणतेस," तोता म्हणाली. "उद्या म्हणशील मांजर."

"मांजर नाही आमच्याकडे."

"मला तुझ्या वायरी कळत नाहीत, फिदाने. सेराफिम वाचला जाईल की नाही, तेवढं बोल."

"जाईल."

"आणि नाही गेला तर?"

फिदाना हे बोलायचं ठरवून आली नव्हती. "तर वही माझ्याकडे राहणार नाही. आपल्या पाद्री एवतिमबाबांना सांगून मी ती परत करेन."

तोताने तेव्हा प्रथम मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बर्फ लोटायला लागली.

गुरुवारी साडेअकराला वीज गेली. फिदाना जिना उतरेपर्यंत सर्व्हर आवरायला लागला होता. तिने हात पाठीमागे बांधून घेतले, उगाच कशाला लागायला नकोत म्हणून, आणि येशूची प्रार्थना पुटपुटत उभी राहिली. पाचव्या मिनिटाला ठिपका मावळला. किंकाळी नव्हती. वर पंप गुणगुणत होता आणि मानोल बादलीभर निखारे घेऊन शिव्या देत अंगणात धावत होता. बाराला वीज आली, साठा भरून दोनला तिने बटण दाबलं, आणि तीनच्या आत वीज पाचदा, दरवेळी मिनिटाच्या आत, जाऊन आली. पाचव्या खेपेला मिनिट पुरं व्हायच्या आधीच साठा सत्तरखाली गेला आणि यंत्राने तिथल्या तिथे आवरतं घेतलं. शुक्रवारी आकाश निवळलं. तिने सर्व्हर उठवला आणि वहीतली नावं मोजली. गुरुवारी सकाळी साडेअकरापर्यंत जेवढी होती तेवढीच, एक कमी नाही. दुपारी हॅम्बुर्गहून आणखी सहा आली. रात्रीचं जेवण व्हायच्या आत सगळी पानं छापून झाली.

शनिवारी एवतिमबाबा दीड तास वाचत होते. चर्चमध्ये श्वासाची वाफ दिसत होती. वाड्यांच्या क्रमाने नावं आली, आधी धूर नसलेल्या तीन वाड्या, मग बाकीच्या तीन, मग येलोवो. फिदाना डोळे मिटून ऐकत होती आणि तिच्या ओठांवर प्रत्येक नाव बाबांच्या क्षणभर आधी येत होतं.

"...मारिन, झ्लाता, सेराफिम, इलिया..."

तिने डोळे उघडले नाहीत. खांबाच्या बाजूने कुणीतरी नाक पुसल्याचा आवाज आला, तेवढाच.

प्रार्थना संपल्यावर तोता ताट घेऊन फिरली. साखर आणि अक्रोड घातलेले गहू, प्रत्येकाला एक चमचा. फिदानापाशी आल्यावर तिने दोन घातले. "घे."

"देव त्यांना क्षमा करो," फिदाना म्हणाली.

"आणि हा दुसरा तुझ्या नवऱ्याला. त्याला जास्त गरज आहे."

मानोल मागेच उभा होता. त्याने हात पुढे केला, गहू तोंडात टाकले, मोठ्याने देवाकडे क्षमा मागितली आणि म्हणाला, "तोताताई, साखर कमी पडली." तोताने त्याला चमच्याने मारायचा आविर्भाव केला.

फिदानाने छापलेली पानं आणलेली पिशवी, आता रिकामी, घडी करून खिशात ठेवली. सोमवारी सकाळी सात वीसच्या बसने स्मोल्यानला जाऊन पंपासाठी वेगळा डबा आणायचा होता.